खालच्या ओळीतला फोटो

फ्रीलान्स डिझायनर म्हणजे आपल्या मर्जीचा मालक, असं जो कुणी म्हणतो त्याने नांदवळात येऊन आठवडाभर अमृता लोहारच्या खुर्चीत बसावं. सकाळी बोअरवेलवाला येतो. त्याला मशिनच्या मागे हिमालय पाहिजे असतो. का, तर हिमालयात पाणी लई. त्याच्यामागून तूपवाला येतो, त्याला डब्यावरची गाय हसरी पाहिजे. दुपारी क्लासवाला, त्याला नापास झालेल्या पोराचाही फोटो गुणवंतांत घालायचा असतो, कारण पोराचा बाप नगरसेवक. सगळ्यांना अक्षर मोठं पाहिजे, रंग भडक पाहिजे आणि काम काल पाहिजे.

आणि या सगळ्यांच्या वर इंगवले साहेब. गावातली डेअरी त्यांची, शाळेची संस्था त्यांची, पेट्रोल पंप त्यांचा. अमृताकडे येणारं बहुतेक काम त्यांच्याच दारातून फिरून यायचं. तेव्हा मालक कोण आणि गडी कोण, हे नांदवळात कुणाला विचारावं लागत नसे.

साहेबांचा मुलगा धनराज यंदा नगराध्यक्षपदाला उभा राहणार होता. त्याच्या वाढदिवसाच्या आधी साहेबांचा उजवा हात, बबन शेलार, अमृताच्या पुढच्या खोलीत येऊन बसला.

"ताई, यंदा फ्लेक्स नाय. चौकात नजरपट लागतोय. पन्नास फुटी. फोटो सगळे पाठवलेत. साहेब वर, धनूभाऊ मध्ये, खाली शुभेच्छुक. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं राहणार नाही ते, बबनदादा. तो पट स्वतःच बदलत असतो."

"बदलू दे की. चांगलाच बदलंल."

नजरपट म्हणजे काय हे बबनला ठाऊक नव्हतं, पण त्याचा दोष नाही. विकणाऱ्या कंपनीनेही 'लोकांच्या मनातलं चित्र' एवढंच सांगितलं होतं. आत गंमत होती ती अशी. माणसाचा डोळा चित्रावरून पाण्यासारखा वाहत नाही. तो बेडकासारखा उड्या मारतो. एक उडी, क्षणभर मुक्काम, पुन्हा उडी. दिसतं ते त्या मुक्कामात. जिथे मन अडकतं तिथे मुक्काम लांबतो आणि डोळ्यातली बाहुली जराशी मोठी होते. पटाच्या कडेला तांदळाएवढे कॅमेरे आणि न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे असतात. तो उजेड डोळ्यात चमकतो, आणि चमक बाहुलीपासून किती बाजूला पडली यावरून माणूस नेमकं कुठे बघतोय ते कळतं. प्रयोगशाळेत हे पूर्वीपासून होत होतं. नवं एवढंच, की आता ते रस्त्यापलीकडून, गर्दीतल्या प्रत्येकाचं आणि स्वस्तात व्हायला लागलं होतं.

पटाचं कापड वेगळंच. त्यात रंगाचे सूक्ष्म कण भरलेले, विजेच्या इशाऱ्याने वर येणारे, खाली जाणारे. त्यामुळे चित्र हवं तेव्हा बदलतं. नियम दोनच. जिथे नजर रेंगाळते ते मोठं करायचं. ज्या दोन गोष्टींमध्ये नजर ये-जा करते त्या जवळ आणायच्या. साबणाच्या जाहिरातीला हे झकास चाललं होतं. वाढदिवसाच्या पोस्टरवर, जिथे शंभर ओळखीचे चेहरे एकमेकांशेजारी चिकटवतात, तिथे काय होईल याचा विचार कुणी केला नव्हता. अमृतानेही नाही.

पोस्टर जवळजवळ झालं आणि बबनचा फोन आला. सागर जमदाडे विरोधी गटात गेला होता, त्याचं तोंड काढायचं. अमृताने ते काढलं. शेवटच्या ओळीत भोक पडलं. ओळ तुटली की पोस्टर बोडकं दिसतं, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. अशा वेळी सगळेच करतात तेच तिने केलं. कॉम्प्युटरमध्ये पडलेला, पार्श्वभूमी आधीच कापलेला एक फोटो उचलला आणि त्या चौकोनात ठेवून दिला. रेशनकार्डासाठी काढलेला तो तिच्या बापाचा फोटो होता. खालची ओळ कुणी बघत नाही, हेही या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात.

बापावर तिचं काही प्रेम नव्हतं. हणमंत लोहार साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. अमृता बारावीला कराडला मावशीकडे असताना, कारखान्याच्या वळणावर साहेबांच्या गाडीने मुजावर सरांची सायकल उडवली. सर जागीच गेले. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. अमृताच्या हातात पहिल्यांदा ब्रश त्यांनीच दिलेला, आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यासाठी वर्ग उघडून बसायचेही तेच. हणमंताने स्वतः चौकीत जाऊन सांगितलं, पिऊन चालवत होतो. चार वर्षं आत काढली. तो आत असतानाच अमृताची आई गेली. सुटून आल्यावर साहेबांनी त्याला डेअरीच्या गेटवर ठेवलं. घर एकच, चूल एकच, पण 'जेवा' आणि 'कडी लावा' यापलीकडे लेकीने त्याला शब्द दिला नव्हता. मग असल्या माणसाचा फोटो भोक बुजवायलाच कामाचा, असं तिला वाटलं असलं तर नवल नाही.

पट लागल्यावर थोड्याच दिवसांत बबन तरातरा घरात आला. चपलाही काढल्या नाहीत.

"ताई, तुमचे वडील वर कसे चढले?"

"कुठे वर?"

"चौकात या आणि बघा. धनूभाऊच्या खांद्याला खांदा लावून बसलेत. गाव हसतंय का काय करतंय, कळंना."

ती गेली. खरंच होतं. खालच्या ओळीतला आप्पांचा, म्हणजे तिच्या बापाचा, टपालाच्या तिकिटाएवढा चेहरा पाच ओळी ओलांडून, सरपंच, सभापती, सगळ्यांना बाजूला सारून धनराजच्या शेजारी येऊन बसला होता, आणि जवळजवळ धनराजएवढाच झाला होता. तिने फोनवरून पट रीसेट केला. आप्पा खाली गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुन्हा वर.

घरी येऊन तिने पटातल्या नोंदी उघडल्या. पट चेहरे साठवत नाही. फक्त नजरेच्या वाटा साठवतो, काळ्या पाटीवर खडूच्या रेघांसारख्या. तिला वाटलं होतं, लोक आप्पांकडे बघत असतील, खुनी म्हणून. बघणारच. पण रेघा आप्पांवर थांबत नव्हत्या. आप्पांवरून त्या सरळ धनराजवर जात होत्या, धनराजवरून परत आप्पांवर, आणि तिथून एकदम तळाला, पटाच्या बाहेर, जमिनीकडे. एक नाही, दोन नाही. रेघांचा जाडजूड दोरच झाला होता. खाली पडणारी ती शेवटची रेघ तिने कुठल्याच जाहिरातीत पाहिली नव्हती. साबण बघून कुणी मान खाली घालत नाही.

धनराजचा यात काय संबंध, याचा एक अंदाज तिला आला. पण ती अंदाजावर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. शाळेच्या पन्नासाव्या वर्षाचा पट बसस्टँडवर लागायचा होता, ते काम तिच्याकडेच होतं. त्यात जुन्या शिक्षकांच्या रांगेत मुजावर सर येणारच होते. संस्थेचा सचिव म्हणून धनराज येणारच होता. तिने माजी विद्यार्थ्यांत आप्पांना टाकलं. आप्पा त्या शाळेत चौथीपर्यंत होते, म्हणजे खोटंही काही नव्हतं. तिघांना तीन टोकांना ठेवलं आणि वाट पाहिली. गाव जर आप्पांना गुन्हेगार मानत असेल, तर सरांवरून निघालेली नजर आप्पांवर जाईल. साधा हिशेब.

नजर आप्पांवर गेली नाही. सरांवरून उडालेली रेघ दर वेळी धनराजवर जाऊन बसत होती. कुणाची रेघ कुठली हे कळत नव्हतं, पण जवळजवळ सगळ्यांची वाट तीच. जीभ आवरता येते. डोळ्याची उडी आवरता येत नाही, ती मारून झाल्यावर आपल्याला कळते. बारा वर्षं ज्या गावाने एक शब्द काढला नव्हता, त्या गावाने आठवड्याभरात डोळ्यांनी जबानी दिली होती.

दुपारी आप्पा जेवायला बसले होते. अमृताने त्या रेघा उघडून फोन त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे काय आहे?"

"गावाचे डोळे. त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

आप्पांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली, खाल्ली. घाई केली नाही. "कोर्टानं सांगितलंय की."

"कोर्टाला तुम्ही सांगितलंत."

"माझा फोटो काढ तिथनं, अमे."

"मी विचारलं त्याचं बोला."

"काय बोलू? तुझ्या आईला कोल्हापूरला कुणी नेलं दवाखान्यात? तू पुण्यात कोर्स केलास, हा तुझा कॉम्प्युटर आला, पहिलं काम आलं, ते काय माझं तोंड बघून?"

अमृता भिंतीला टेकून खाली बसली. ती खुर्ची, ते मशिन, बोअरवेलमागचा हिमालय, हसरी गाय, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. ज्या सरांनी हातात ब्रश दिला त्यांच्याच मरणावर तिचं दुकान उभं होतं.

"गावाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"गावाला काय माहीत नसतंय?"

"मग मला का नाही सांगितलं कुणी? एकानेही?"

आप्पांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "तुला कशाला सांगतील? त्यांना वाटायचं तुला ठाऊकच असंल. साहेबांचं सगळ्यात जास्त काम तर तूच करतीस."

अमृताने ताटाशेजारचा फोन उचलून पालथा ठेवला.

"आणि तुम्ही मला तुमचा रागराग करू दिलात," ती म्हणाली.

"केलास म्हणून तर नीट राहिलीस. माहीत असतं तर गेली असतीस त्यांच्या दारात कामाला? उपाशी मेली असतीस ताठ्यात." त्यांनी ताट सरकवलं. "हे बघ. चार वर्षं मी दिली. त्याच्या बदल्यात तू उभी राहिलीस. आता तू उठून खरं बोललीस तर ती चार वर्षं गटारीत गेली. वरनं खोटी जबानी दिली म्हणून मी परत आत. मी तुझ्यासाठी केलं म्हणत नाय. केलं ते केलं. पण त्याची माती करू नको."

आता तिने जायचं कुठे? खरं बोलावं तर बाप आत जातो. गप्प बसावं तर सर मातीत आणि ती साहेबांच्या ताटाखालचं मांजर. बापाने तिच्यासाठी बांधलेल्या खोलीला दार ठेवलंच नव्हतं.

साहेबांचं बोलावणं आलं. ते बंगल्याच्या व्हरांड्यात सीताफळ खात बसले होते. धनराज आत कुठेतरी फोनवर हसत होता.

"ये बाळ. बस. खाणार?"

"नको साहेब. आप्पांचा फोटो काढून टाकते मी."

"वेडी आहेस का?" त्यांनी बी ताटलीत टाकली. "आता काढला तर गाव विचारेल, का काढला. हणमंता आमच्या घरचा माणूस आहे. राहू दे त्याला. फक्त रोज सकाळी त्याची जागा त्याला दाखवत जा. खाली."

"पट एका जागी बांधून ठेवायची सोय कंपनीने दिलेली नाही. बदलतो म्हणूनच तर विकतात."

"म्हणून तर तुला सांगतोय. निवडणुकीपर्यंत रोज. पुढे नगरपालिकेचे सगळे पट तुझ्याकडे देऊ."

"आणि मी नाही दाखवली जागा तर?"

साहेब रागावले नाहीत. त्यांनी रुमालाने बोटं एकेक करून पुसली. "तर चर्चा वाढेल. केस उघडा म्हणतील. उघडली तर कागदावर कोण आहे? हणमंता. स्वतःच्या तोंडाने कबूल केलेला. आणि धनराजवर काय आहे? डोळे." ते जरासे हसले. "डोळ्यांचा पंचनामा होत नाही, बाळ."

तेव्हापासून चहाच्या आधी अमृता फोन उघडायची आणि बापाला खाली ढकलायची. एक बटण दाबायचं. आप्पांचा चेहरा आकसत, घसरत शेवटच्या ओळीत जाऊन बसायचा. त्याच वेळी खरे आप्पा मोरीत दात घासत असायचे. दोघं एकमेकांकडे बघत नसत. संध्याकाळपर्यंत गाव त्यांना वर आणायचं. सकाळी ती पुन्हा खाली. लोकशाहीतलं मतदान असंच असावं, रोज सकाळी रद्द होणारं, असं तिच्या मनात यायचं आणि ती आणखी चिडायची. बोअरवेलवाला आला तर त्याच्यावर खेकसायची. तूपवाला म्हणाला, "गाय अजून हसत नाय ओ," तर म्हणाली, "तिला हसायला झालंय काय?"

मग बबनची पोरं पटाखाली खुर्च्या टाकून बसायला लागली. त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही. नुसती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांकडे बघत बसायची. झेरॉक्सवाल्या गुरवाने एकदा वर जरा जास्त वेळ बघितलं. लगेच त्याची डेअरीतली बिलं छापायची ऑर्डर गेली. तेवढं पुरलं. डोळ्याची उडी आवरता येत नाही हे गावालाही उमगलं होतं, म्हणून गावाने मानच आवरली. लोक चौकात शिरताना मुंडी खाली घालायचे ते पलीकडे बँकेपाशी वर काढायचे. शाळेची पोरंसुद्धा. आंधळ्यांची वरात निघाल्यासारखं दिसायचं. सकाळी बटण दाबायची गरज राहिली नाही. साहेब खूश होते.

पट मात्र वेडा झाला. त्याला डोळे पाहिजेत, ते मिळेनात. त्याच्या प्रोग्रॅममध्ये तसंच लिहिलं होतं, नजर नसेल तर धडपड कर. मग धनराजचा चेहरा लालभडक व्हायचा, फुगायचा, कोपऱ्यात उडी मारायचा, साहेबांच्या डोक्यावर जाऊन बसायचा. बाजारात गिऱ्हाईक न मिळालेल्या भांडीवाल्यासारखा तो पन्नास फुटी पट दिवसभर ओरडत राहायचा आणि खालून गाव मान मोडून चालायचं.

बाजाराच्या दिवशी बबनने अमृताला चौकात बोलावलं. "ताई, हे बिघडलंय. धनूभाऊला कान आलेत का शिंगं, कळंना झालंय."

"बिघडलेलं नाही. कुणी बघत नाही म्हणून तो बोंबलतोय."

"मग काय करायचं?"

"कुणीतरी बघायला पाहिजे."

एवढं बोलून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिने मान वर केली. तिने काहीही ठरवलेलं नव्हतं. फोन पिशवीत होता. ती नुसती बघत राहिली. सगळ्या चौकात डोळ्यांची तेवढी एकच जोडी. पटाने ती झडप घालून पकडली. थयथयाट थांबला. तिने खालच्या ओळीत आप्पांना शोधलं, त्यांच्यावरून धनराजकडे, धनराजवरून आप्पांकडे. चेहरे हलायला लागले. इतकी वर्षं तिने माउसने चित्रं सरकवली होती. आज हात मोकळे होते आणि काम जास्त नीट होत होतं.

बबनला कळायला वेळ लागला. "ताई, साहेबांनी सांगितलंय, पटाला हात लावायचा नाय."

"हात कुठे लावलाय? बघतेय फक्त."

"बघू पण नका."

"तसं लिहून आणा."

पोरं खुर्च्यांवरून उठली. बबनने कुणालातरी फोन लावला. थोड्या वेळाने डेअरीच्या बाजूने आप्पा आले, अंगात गेटवरचा खाकी शर्ट, हातात काठी. चालत नव्हते, जवळजवळ पळत होते.

"आप्पा, पोरीला घेऊन जावा," बबन म्हणाला. "साहेब यायच्या आत."

आप्पांनी तिचं कोपर धरलं. "अमे, घरी चल."

"एकदा वर बघा, आप्पा."

"न्हाय."

"एकदाच."

"मी बघितलं की पटाला कळंल." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला कान तिकडे झुकवावा लागला. "बारा वर्षं तोंड बंद ठेवलं. ह्याच्यापुढं कुणाचं चालतंय?"

त्यांची नजर जमिनीला खिळलेली होती. कोपरावरचा हात ओढत नव्हता. तिने मान खाली केली नाही. संध्याकाळपर्यंत काय काय होईल ते तिला ठाऊक होतं. काम जाईल, दुकान जाईल, बहुतेक हा हातही जाईल, कोठडीच्या गजांमागे. ती पटाकडे बघत राहिली, कारण आता दुसरीकडे बघायला जागाच नव्हती.

आप्पांनी तिचं कोपर सोडलं. ते वळले, पटाकडे पाठ केली, काठी पुढ्यात रोवली आणि तिच्या पुढे, गावाकडे तोंड करून उभे राहिले.

"आप्पा, हे काय?" बबन म्हणाला.

"तिचं बघून होऊ दे."

बाजाराची गर्दी वाढली होती. पाट्या, पिशव्या, पोरं घेऊन लोक नेहमीप्रमाणे माना घालून येत होते, आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या जुनाट खाकी बुटांवर आदळत होते. आदळल्यावर माणूस वर बघतोच. वर हणमंत लोहार होता, फोटोतला नाही, घामेजलेला, श्वास घेणारा. मेथीवाली थबकली. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर थांबले, आणि तिथून, तिला काही कळायच्या आत, त्याच्या खांद्यावरून मागे, वर, धनराजवर गेले. तिच्यामागून गुरव. त्याच्यामागून शाळेचा शिपाई. चौकात गर्दी थांबायला लागली. 

बबन ओरडला, "चला, चला, काय बघताय?"

ते त्याने हणमंतच्या तोंडाकडे बघत म्हटलं. आणि म्हणता म्हणता त्याचेही डोळे उडाले, हणमंतच्या डोक्यावरून थेट धनराजवर. त्याने झटक्यात मान खाली घातली, पण पटाने तीही नजर धरली होती, आणि आप्पांच्या पाठीमागे पटावरचे दोन चेहरे, त्यांचा आणि धनराजचा, एकमेकांकडे सरकत होते.